आकार, आकारमान आणि जात



आज दुपारी तीर्थपुरीत पोहोचलो तेव्हा व्याख्यानाला बराच अवकाश होता. यजमानांच्या शेजारच्या गोठ्यात एक तांबडा बैल बांधलेला होता. मी शहरी माणूस, सहज म्हणालो, "हा लाल कंधारी दिसतो." तिथे बाजेवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसले आणि म्हणाले, "रंगावर जाऊ नका सायेब. ह्यात थोडं देवणी हाय." मी विचारले, "कशावरून, बाबा?" त्यांनी बैलाकडे पुन्हा एकदा पाहिले, हाताने कपाळापासून कानापर्यंत हवेत एक रेघ ओढली आणि एवढेच म्हणाले, "दिसतंय की!"

माझ्या आजच्या विषयाची सगळी अडचण ह्या दोन शब्दांत आली आहे. बाबांना जे दिसले ते खरे असणार. त्यांच्या डोळ्यांसमोरून साठ वर्षांत हजारो जनावरे गेली असतील. देवणीचे कपाळ थोडे फुगीर असते आणि कान खाली लोंबतात, हे पुस्तकांतही लिहिलेले आहे. परंतु बाबांचे ज्ञान बाबांबरोबरच राहते. ते मला देता येत नाही, टपालाने पुण्याला पाठवता येत नाही, आणि उद्या दुसऱ्या गावचे दुसरे बाबा "छे, हा शुद्ध कंधारी" असे म्हणाले, तर दोघांत न्याय कोणी करायचा? डोळ्याला जे दिसते ते आकड्यांत कसे उतरवावे, आणि उतरवल्यावर त्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, हा आजचा विषय.

आरंभी दोन शब्दांकडे लक्ष वेधतो. आपल्या भाषेत 'आकार' आणि 'आकारमान' असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ह्या शास्त्रात त्यांचा फार उपयोग होतो. एका जनावराचे चित्र काढले आणि तेच चित्र दुप्पट मोठे केले, तर आकारमान बदलले, आकार तोच राहिला. हा भेद ध्यानात ठेवावा. दुसरा शब्द मात्र आपल्याला फसवतो. तो म्हणजे 'जात'. वाघ आणि बिबट्या ह्या दोन जाती. कंधारी आणि देवणी ह्याही दोन जाती. आणि माणसांच्या जाती तर विचारूच नका. पहिल्या दोन प्राण्यांचा निसर्गात एकमेकांशी संकर होऊन वंश चालत नाही. दुसऱ्या दोघांचा संकर आज मी गोठ्यात उभा पाहिला. तो एकाच प्राणिजातीच्या आतला, माणसाने निवडीने घडवलेला वाण आहे. आणि तिसऱ्या ठिकाणी तर लग्नाचे नियम माणसानेच केलेले आहेत. शब्द एक आणि गोष्टी तीन! ह्या गोंधळाने पुढे काय अनर्थ केला त्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता मोजमापाकडे वळू. समजा दोन वाणांच्या बैलांची वशिंडामागची उंची आपण मोजली. एकाची सरासरी १२० सेंटिमीटर निघाली, दुसऱ्याची १२५. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) पाच सेंटिमीटरांचा फरक मोठा की लहान? पुष्कळ लोक येथेच उत्तर देऊन मोकळे होतात. परंतु ह्या प्रश्नाला असे उत्तरच नाही. आधी हे विचारले पाहिजे की, एकाच वाणातले बैल आपसांत किती वेगळे आहेत? प्रत्येक वाणातले बैल सरासरीच्या दोन्ही अंगांना साधारण २ सेंटिमीटरच पसरलेले असतील, तर पाचाचा फरक ठसठशीत आहे. मध्ये १२२.५ वर रेघ मारून "खालचे ते पहिले, वरचे ते दुसरे" असे म्हटले, तर शंभरात दहा-अकरा बैलांच्या बाबतीत आपण चुकू. पण हाच पसारा १० सेंटिमीटरांचा असेल, तर तीच रेघ शंभरातल्या चाळीस बैलांना चुकीच्या दावणीला बांधील. नाणे उडवून सांगितले तरी पन्नास चुकतील. म्हणजे मोजण्याचा खटाटोप करून आपण कमावले किती, तर शंभरात दहा! सरासऱ्या दोन्ही वेळा त्याच आहेत. जे बदलले ते जातीच्या आतले वैविध्य. संख्याशास्त्रज्ञ ह्या पसाऱ्याला प्रमाण विचलन म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. पण दोन समूहांमधले अंतर नेहमी समूहांच्या आतल्या पसाऱ्याने मोजायचे असते, एवढे विसरू नका.

परंतु बाबांनी केवळ उंची पाहिली नव्हती. त्यांनी कपाळ पाहिले, कान पाहिला, मान पाहिली, आणि हे सर्व एकदम पाहिले. मग आपणही दहा मापे घ्यावीत आणि दहा फरकांची बेरीज करावी, हे ओघानेच आले. येथे एक खाच आहे. उंच बैल बहुधा लांबही असतो आणि त्याची छातीही भरलेली असते. म्हणजे उंची, लांबी, छाती अशी तीन मापे घेतली तरी पुष्कळसे एकच गोष्ट आपण तीनदा मोजतो. एकाच साक्षीदाराला तीन वेळा पिंजऱ्यात उभे करून तीन साक्षी झाल्या म्हणण्यासारखेच हे.

ही खाच ज्याने भरून काढली तो माणूस आपल्याच देशातला, आणि त्या कथेचा एक धागा आजच्या महाराष्ट्रात आहे. १९२० मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन नागपुरास भरले होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्रशांतचंद्र महालनोबिस तेथे आले होते. तेथे त्यांची गाठ नेल्सन ॲनन्डेल ह्यांच्याशी पडली. ॲनन्डेल हे भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक; प्राण्यांप्रमाणेच माणसांच्या मोजमापाचाही त्यांना नाद. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची मापे त्यांच्यापाशी होती, त्यांचे गणित करून देण्यास त्यांनी महालनोबिसांना सांगितले. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक ह्या कामात जो गुंतला तो गुंतलाच. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली, आणि १९३६ मध्ये 'व्यापक अंतरा'वरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. आज जगभर 'महालनोबिस अंतर' ह्या नावाने ते ओळखले जाते. कारखान्यातला सदोष माल निवडण्यापासून उपग्रहाच्या चित्रातली पिके ओळखण्यापर्यंत ते वापरतात. पण त्याचा जन्म माणसांची डोकी मोजण्यात झाला.

त्यातली युक्ती काय, ते दोन शेळ्यांवर सांगतो. समजा एका कळपात शेळ्यांची सरासरी उंची ७० सेंटिमीटर, सरासरी लांबीही ७०, आणि दोन्हींचा पसारा ५ चा. शिवाय उंच शेळी बहुधा लांब असते; हा सहसंबंध बराच घट्ट, ०.८ एवढा आहे असे धरा. आता दोन शेळ्या आल्या. पहिली उंचीला ७५, लांबीला ७५. दुसरी उंचीला ७५, पण लांबीला ६५. पट्टीने पाहिले तर दोघीही सरासरीपासून सारख्याच दूर आहेत: एक पाच इकडे, एक पाच तिकडे. पण कळप राखणारा पोरगासुद्धा सांगेल की पहिली शेळी नुसती थोराड आहे, आणि दुसरी मात्र काही वेगळीच आहे. उंच पायांची आणि आखूड अंगाची. महालनोबिसांचे गणित हेच सांगते. त्यांच्या रीतीने अंतराचा वर्ग काढला तर पहिलीचा येतो १.१ आणि दुसरीचा १०! जे वैविध्य कळपात नित्य आढळते त्याला कमी भाव आणि जे कळपाच्या रीतीविरुद्ध जाते त्याला जास्त भाव, असा हा हिशेब आहे. मला वाटते, बाबांच्या डोळ्यात बसलेले गणित ह्याच्याशी जवळचे आहे; फक्त त्यांनी ते कागदावर मांडलेले नाही.

आता आकार आणि आकारमान ह्यांची फारकत. वासरू म्हणजे लहान बैल नव्हे. वासराचे पाय अंगाच्या मानाने लांब, डोके मोठे. वाढताना सर्व अवयव सारख्या वेगाने वाढत नाहीत. समुद्रकाठच्या चिखलात एक खेकडा असतो. नराचा एक आकडा लहान आणि दुसरा अवाढव्य. तो मोठा आकडा अंगापेक्षा अधिक वेगाने वाढतो, आणि त्या वाढीचा नियम ज्युलियन हक्सली ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात गणिताने बसवून दाखवला. म्हणून दोन गटांची तुलना करताना एका गटात कोवळी जनावरे आणि दुसऱ्यात जून, असे झाले, तर वयाचाच फरक आपण जातीचा फरक म्हणून छापून मोकळे होऊ.

(जाता जाता शेतकरी मंडळींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. जनावराचा छातीचा घेर इंचांत मोजावा, त्याचा वर्ग करावा, अंगाच्या लांबीच्या इंचांनी गुणावे आणि ३०० ने भागावे. वजन पौंडांत मिळते. घेर ६० आणि लांबी ५५ असेल तर ६६० पौंड, म्हणजे सुमारे ३०० किलो. हा अंदाज आहे, तराजू नव्हे.)

फीत लावून लांबी-रुंदी मिळते, पण वळण मिळत नाही. शिंगाचे काय करायचे? मराठवाडी म्हशीचे शिंग चपटे, लांब, मानेला समांतर मागे गेलेले. मुऱ्हा म्हशीचे शिंग जिलबीसारखे वळलेले. दोन्हींची लांबी सारखी भरली तरी आकार सारखा नाही, हे कोणीही सांगेल. ह्यावर पहिला मोठा विचार स्कॉटलंडच्या डार्सी थॉम्पसन ह्यांनी १९१७ मध्ये केला. त्यांनी एका माशाचे चित्र चौकटीच्या कागदावर काढले आणि ती चौकट रबरी असल्यासारखी ताणून वाकवली, तो दुसऱ्याच माशाचे चित्र उमटले! साळिंदरासारखा काटेरी मासा ताणला आणि वाटोळा सूर्यमासा झाला. चित्र सुंदर होते, परंतु ताण किती हे आकड्यांत सांगण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

ते साधन १९८० नंतर आले. आपल्या गोदावरीतले दोन मासे घेऊ, रोहू आणि कटला. दोघांची बाजूने छायाचित्रे काढा. प्रत्येकावर ठरावीक खुणा करा: तोंडाचे टोक, डोळ्याचा मध्य, कल्ल्याची कड, पाठीवरच्या पराची मुळे, शेपटीची सुरुवात. मग एका माशाच्या खुणा दुसऱ्यावर ठेवा. सरकवून दोघांचे मध्य जुळवा, लहान-मोठे करून आकारमान सारखे करा, फिरवून दिशा जुळवा. एवढे सारे करूनही ज्या खुणा एकमेकींवर बसत नाहीत, तेवढाच आकाराचा फरक. कटल्याचे मोठे डोके आणि वर वळलेले तोंड ह्या उरलेल्या फरकात लख्ख दिसते. ह्या रीतीला प्रोक्रस्टीसचे नाव दिले आहे. ग्रीक कथेतला हा दरोडेखोर पाहुण्याला आपल्या खाटेवर निजवी, आणि पाहुणा आखूड पडला तर ताणी, लांब पडला तर त्याचे पाय तोडी. शास्त्रज्ञ ताणतात आणि आखडतात, पण तोडत मात्र नाहीत. नाव थोडे अन्यायाचेच आहे.

एवढी हत्यारे हाती आल्यावर असे वाटते की आता कोणतेही दोन प्राणी आणा, ते एका जातीचे की दोन, हे आपण मोजून सांगू. येथेच निसर्ग आपला गर्व उतरवतो. कुत्रा पाहा. चपट्या नाकाचा पग आणि लांब तोंडाचा हाउंड, दोन्ही एकाच जातीचे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या कवट्या ह्याच खुणांच्या रीतीने मोजल्या, तेव्हा एका कुत्र्याच्या जातीतले कवटीचे वैविध्य सबंध मांसभक्षक गणातल्या वैविध्याच्या तोडीचे निघाले. त्या गणात मांजर, अस्वल, मुंगूस, सील हे सगळे येतात! उलट युरोपातले एक सामान्य लहान वटवाघूळ घ्या. शेकडो वर्षे ते एकच जात म्हणून सर्वांनी पाहिले. त्यातली काही सुमारे ४५ किलोहर्ट्झवर ओरडतात आणि काही ५५ वर, हे ध्यानात आले तेव्हा, १९९० च्या दशकात, त्या दोन जाती आहेत असे ठरले. आकारात मात्र दोघी जवळजवळ जुळ्या बहिणी.

आपल्याकडचे उदाहरण शेळी-मेंढीचे. जिवंतपणी ह्या दोघींना कोणी चुकत नाही. पण कातडे आणि केस जाऊन हाडे उरली की भल्याभल्यांची तारांबळ उडते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून घोड नदीकाठी इनामगाव येथे उत्खनन केले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. अशा वस्त्यांत खाऊन टाकलेल्या जनावरांची हाडे ढिगांनी मिळतात, आणि शेळी की मेंढी हा प्रश्न दर पाटीमागे उभा राहतो. त्यावर १९६४ मध्ये जर्मनीतील बोसनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडाहाडांतल्या खुणांची यादी दिली. पुढच्या पायाच्या नळीचे खालचे टोक पाहायचे. तेथे सांध्याची दोन चाके असतात आणि प्रत्येक चाकाच्या मध्ये एक उंच कड. चाकाच्या बाहेरच्या भागाची जाडी त्या कडेच्या मानाने शेळीत कमी भरते, मेंढीत जास्त. बोटभर हाडावरचे हे एवढेसे गुणोत्तर, पण त्यावरून त्या गावात मेंढपाळ अधिक होते की शेळ्या पाळणारे, ह्याचा तर्क करता येतो.

म्हणजे माप साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. वंश एकमेकांत मिसळतो की नाही, हा जातीचा खरा प्रश्न, आणि आकार त्याविषयी कधी बोलतो, कधी गप्प बसतो.

साक्ष प्रामाणिकपणे कशी नोंदवावी ह्याचे एक उदाहरण मला फार आवडते. १८९८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स गावी हिमवादळ झाले. हर्मन बम्पस नावाच्या प्राध्यापकाकडे गारठून पडलेल्या १३६ चिमण्या आणल्या गेल्या. ७२ जगल्या, ६४ मेल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्यातली गारपीट ज्यांना आठवते त्यांना झाडांखालचा तो देखावा सांगायला नको. बम्पसने जगलेल्या आणि मेलेल्या सर्व चिमण्या मोजल्या आणि म्हटले की सरासरीपासून फार दूर गेलेल्या अधिक मेल्या. पुढे इतरांनी तेच आकडे नव्याने तपासले, तेव्हा नर आणि माद्या ह्यांची कथा वेगवेगळी निघाली. बम्पसचा निष्कर्ष थोडा डळमळला, पण बम्पसचे नाव राहिले. कारण त्याने प्रत्येक चिमणीचे प्रत्येक माप छापून ठेवले होते. ज्याला शंका येईल त्याने पुन्हा गणित करावे!

आता माणसाकडे येतो. १८९१ मध्ये हर्बर्ट रिस्ली ह्या सनदी अधिकाऱ्याने बंगालच्या जाती-जमातींवर ग्रंथ लिहिला. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे; ह्याला नासिका निर्देशांक म्हणतात. रिस्लीचा सिद्धांत असा की, जात जितकी वरची तितके नाक अरुंद, जितकी खालची तितके रुंद. पुढे १९०१ च्या खानेसुमारीचा तोच प्रमुख झाला. समाजाची उतरंड नाकावर लिहिली आहे, असे सरकारी शिक्क्यानिशी सांगितले गेले. मघाची पहिली अट आठवा: प्रत्येक जातीच्या आतला पसारा किती? सरासऱ्यांच्या उतरंडीत तो पसारा कोठेच दिसत नाही. महालनोबिसांनी १९३३ मध्ये रिस्लीचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत दुरुस्त करण्यासारखे पुष्कळ निघाले. त्याच्या आदल्या वर्षी मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी जात आणि वंश ह्यांवरच्या आपल्या ग्रंथात प्रांताप्रांताची मापे लावून पाहिली. उत्तर प्रदेशाच्या बाजूला थोडे जुळते, इतरत्र जुळत नाही, असे त्यांना आढळले.

ह्या तक्त्यांचा सर्वांत नेमका उपयोग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात त्यांनी घुर्ये ह्यांचीच मापे पुढे ठेवली आणि वकिली काट्याने विचारले: ही मापे खरी मानायची ना? मग त्यांतून हेच निघते की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे आहेत. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात शोधण्याची वाट त्यांनी मोजपट्टीनेच बंद केली.

दुसरे नाव इरावती कर्वे ह्यांचे. ऐन तारुण्यात त्या बर्लिनला ऑयगेन फिशर ह्यांच्या हाताखाली शिकायला गेल्या. युरोपीय माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू इतरांहून अधिक असमान असते आणि त्याचा संबंध बुद्धीच्या श्रेष्ठतेशी आहे, अशी कल्पना तेथे घोळत होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असा वांशिक भेद सापडत नाही, असे त्यांचे उत्तर आले, आणि गुरूला न रुचणारे ते उत्तर त्यांनी तसेच लिहिले. फिशर पुढे हिटलरच्या राजवटीच्या सेवेत गेले. इरावतीबाई पुण्यास परतल्या आणि डेक्कन कॉलेजात बसून महाराष्ट्रभरच्या माणसांची मापे घेत राहिल्या. मोजणे वाईट म्हणून त्यांनी पट्टी टाकून दिली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. १९७२ मध्ये रिचर्ड लुएन्टिन ह्यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून हाच प्रश्न विचारला, तेव्हा मनुष्यजातीतले सुमारे ८५ टक्के वैविध्य कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच असते असे दिसून आले.

शेवटी एक विनंती आहे. इथल्या शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांनी सुट्टीत पन्नास शेळ्या मोजाव्यात. उस्मानाबादी काळ्या शेळ्या इकडे मिळतात. उंची, लांबी, छाती, कानाची लांबी एवढी चार मापे पुरेत. वय दातांवरून लिहावे. शेळी सपाट जमिनीवर चारही पाय सरळ ठेवून उभी असली पाहिजे, आणि पोट भरल्यावर मोजू नये. प्रत्येक माप दोन मुलांनी वेगवेगळे घ्यावे, एकाने दुसऱ्याची वही पाहू नये. मग दोघांच्या वह्यांत किती फरक पडतो ते आधी काढावे, कारण तो फरक शेळ्यांचा नसून आपल्या हातांचा असतो. आणि फीत शिंप्याची जुनी कापडी घेऊ नये. ती वापरून वापरून ताणलेली असते.